सुनेचा कीबोर्ड आणि माझी पारख

वस्तू पारखण्यात माझा हात धरणारं मोताळ्यात कोणी नाही, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. लोकही तसं म्हणायचे, त्यामुळे समज पक्का होत गेला. बाजाराच्या दिवशी गल्लीतल्या बायका मडकं घ्यायला निघाल्या की मला सोबत नेत. मी मडकं बोटाने वाजवून बघायची, कान लावायची आणि "ठेव वं हे, चिरलेलं आहे" म्हणून पुढे सरकायची. कुंभार मला बघून तोंड फिरवायचा. म्हैस घ्यायची असो, पाटा-वरवंटा असो की लेकीसाठी स्थळ असो, माझं मत विचारल्याशिवाय काम पुढे जात नसे. त्यातली दोन-तीन स्थळं पुढे वाईट निघाली, पण तो दोष कोणी माझ्या माथी मारला नाही आणि मीही आपण होऊन मागून घेतला नाही.

आमची पिठाची चक्की आहे. घराच्या पुढच्या खोलीत चक्की, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. नवरा गेल्यापासून चक्की मीच चालवते. शाळा माझी चौथीपर्यंत, पण चक्कीचा दगड बोथट झाला की मला नुसत्या आवाजावरून कळतं. पट्टा ढिला झाला तरी कळतं. मेकॅनिक मलकापूरहून येतो आणि आल्या आल्या मलाच विचारतो, "काय झालं बाई?" मी सांगते आणि बहुतेक वेळा तेच निघतं. त्यामुळे जगातलं कोणतंही यंत्र आपल्याला कानाने कळतं, असा माझा भ्रम झाला होता. तो घालवायला एक कीबोर्ड घरात यावा लागला.

कीबोर्ड माझ्या सुनेचा. सून देऊळगाव राजाकडची, बारावी झालेली, लग्नाआधी टायपिंगचा क्लास केलेली. तिला पुण्याच्या एका ऑफिसातून काम येतं. कोणी भाषण करतं, कोणी मुलाखत देतं, त्याचा आवाज तिच्या लॅपटॉपवर येतो. ती कानाला यंत्र लावून ऐकते आणि ऐकलेलं सगळं मराठीत टाइप करून परत पाठवते. लोकांचं बोलणं ऐकून लिहून काढायचे पैसे मिळतात, हे मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं. मी चक्कीवर बसून अख्ख्या गावाचं बोलणं ऐकते, मला कोणी कधी छदाम दिला नाही.

अडचण अशी होती की चक्की पुढे आणि तिचं टेबल मागे, मधे नुसता पडदा. पीठ उडतं ते पडद्याला जुमानत नाही. लॅपटॉपची स्वतःची बटणं पहिल्या वर्षातच बसली. मग तिने एक स्वस्तातला कीबोर्ड आणला, तो गेला. दुसरा आणला, त्याचीही बटणं दाबली तर कधी अक्षर उमटायचं, कधी नाही. पुण्याच्या ऑफिसातून निरोप आला की मजकुरात अक्षरं गळतात, तपासणाऱ्याचा वेळ जातो, पुढचंही काम असंच आलं तर आम्ही दुसरं कोणी बघू.

आता खरं सांगायचं तर तिचं ते काम सुटलं असतं तर मला काही वाईट वाटलं नसतं. माझे गुडघे गेलेत. चक्कीवर दिवसभर उभं राहणं होत नाही. सुनेने आता हे सांभाळावं असं माझ्या मनात होतं आणि मी ते मनात ठेवलं नव्हतं, आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवत होते. ती "बघू आत्या" म्हणायची आणि आत जाऊन टकटक करायची.

तर एका सकाळी खोकं आलं. चक्कीवर गर्दीची वेळ, चार-पाच बायका डबे ठेवून उभ्या. सून हात पुसत बाहेर आली, सही केली आणि खोकं छातीशी धरून आत निघाली.

"थांब वं," मी म्हटलं. "काय आलं?"

"कीबोर्ड, आत्या."

"पुन्हा? आत्ताच तं आणला होता."

"तो पिठानं गेला."

"मंग हाही जाईन."

"हा नाही जाणार. याचं एकेक बटण काढून पुसता येतं."

मी तिच्या हातातून तो घेतला आणि चमकले. चांगला जड होता. कोणतीही वस्तू हातात जड लागली की माझं मन तिच्याकडे अर्धं झुकतं, ही माझी जुनी खोड आहे. मी काट्यावर टाकला. दीड किलोच्या वर गेला. मागे उभी असलेली मनियारीण, म्हणजे आमच्या गल्लीत बांगड्या भरणारी भाभी, मान लांब करून बघत होती.

"वजन तं आहे," मी म्हटलं. "केवढ्याले पडला?"

सुनेने खरं सांगितलं. तिची ही एक वाईट सवय आहे. आकडा मी इथे लिहीत नाही, लिहायलाही हात जड होतो. एवढंच सांगते की तेवढ्यात मोताळ्याच्या बाजारात बरी गाभण शेळी येते. मागच्या बायका डबे सोडून पुढे सरकल्या.

"गाभन बकरी दूध देती, माय, पिल्ले देती," मनियारीण म्हणाली. "ये क्या देगा?"

"काम देईल, भाभी," सून म्हणाली.

"काम तं चक्कीवर पडलेलं आहे ढीगभर," मी म्हटलं. आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे परत जाईन."

बस्स, हीच माझी चूक. चारचौघांत एकदा बोलून गेलं की ते मागे घेणं मला जमत नाही. वस्तू बघायच्या आधीच निकाल देऊन बसले. मडक्याला तरी मी आधी वाजवून बघते.

सून भांडली नाही. रात्री जेवताना तिने सरळ सांगितलं की वस्तू पसंत नसली तर काही दिवसांच्या आत परत करता येते, पैसे परत येतात. तोवर ती वापरेल आणि मी बघावं. "तुम्हाला नाही पटला तर परत." पैसे तिचे होते, तिच्या कामाचे. पण घरात मोठी वस्तू माझ्या होकाराशिवाय येत नाही, ही रीत मीच पाडलेली, आणि ती बिचारी पाळते. मुलगा खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिला. तो मलकापूरला नोकरीला आहे, सकाळच्या एसटीने जातो आणि दिवेलागणीला येतो. घरातल्या भांडणाच्या वेळा त्याला बरोबर चुकवता येतात.

मग माझी परीक्षा सुरू झाली. म्हणजे मी कीबोर्डची घेत होते.

त्याच्या खालून दिवे लागतात. लाल, हिरवे, निळे, लाटेसारखे इकडून तिकडे पळतात. ही बातमी गल्लीत गेली आणि ज्यांचं दळण नव्हतं त्याही बघायला आल्या. एकीने विचारलं, गणपतीपुढे ठेवता येईल का. सुनेने दुसऱ्या दिवशी दिवे बंद करून टाकले. "डोळ्यांना त्रास होतो," म्हणाली. मी लगेच मनात धरलं, म्हणजे दिव्यांचे पैसे फुकट गेले.

बटणांवर अक्षरं इंग्रजी होती. मला इंग्रजी येत नाही, पण मी शेजारी बसून बघितलं तर ती दाबते एक आणि लॅपटॉपवर उमटतं मराठी. मी म्हटलं, "लिहिलेलं एक आणि निघून राह्यलं दुसरंच. फसवलं तुले."

"आत्या, मराठीची जागा बोटांना माहीत असते. वर काय लिहिलंय ते बघायचंच नसतं."

"मंग कायले लिहिलं?"

ती पुन्हा टाइप करायला लागली. मीही एक गुण माझ्या खात्यात टाकला.

एकदा ती आंघोळीला गेली तेव्हा मी हळूच जाऊन बसले आणि एक बटण दाबलं. आता हे कसं सांगू? हरभऱ्याचा घाटा बोटात धरून दाबला की आधी थोडा आडतो आणि मग पट्‌दिशी फुटतो ना, तसं. मी दुसरं दाबलं. तिसरं दाबलं. एक बाई, जिचे गुडघे वाजतात आणि सगळ्या गावाने आपल्याला भ्यावं असं जिला वाटतं, ती तिथे बसून एकामागून एक घाटे फोडत होती. न्हाणीचं पाणी पडायचं थांबलं तशी मी उठले आणि पडदा सारून चक्कीवर आले.

थोड्या वेळाने आतून हाक आली. "आत्या, हे कककगगगमम कोणी लिहिलं?"

"मांजर आली असंन."

"मांजर एकाच ओळीत चालत गेली?"

"शहाणी मांजर आहे ते," मी म्हटलं आणि चक्की सुरू केली, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

त्याच दिवशी मी ठरवायला पाहिजे होतं. वस्तू मला आवडली होती. पण मी बायकांपुढे बोलून बसले होते आणि त्या रोज डबा ठेवता ठेवता विचारत होत्या, "गेलं का वं परत ते बकरीएवढं?" मला आता खोट काढणं भाग होतं. आणि खोट सापडली. खालची जी लांब पट्टी असते, दोन शब्दांच्या मधे जागा सोडायची, ती खडखडायची. बाकीची बटणं टक टक वाजत आणि ती पट्टी खड्‌ करायची, पत्र्यावर चमचा पडल्यासारखी.

"हे ढिलं आहे," मी सुनेला सांगितलं.

"लांब आहे म्हणून तशी वाजते. सगळ्यांचीच वाजते."

"मडकं असं वाजलं तर मी घेत नसते."

तिने हात थांबवले. "म्हणजे परत?"

"परत."

"बरं," ती म्हणाली. फोन घेतला, त्यावर काहीतरी दाबलं आणि सांगितलं की परवा माणूस येऊन घेऊन जाईल. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्ताचं जे काम आहे ते जुन्या कीबोर्डवर करून बघते. अक्षरं गळाली तर पुण्याचं काम संपलं. मग सोमवारपासून मी चक्कीवर बसते."

मला हेच तर पाहिजे होतं. दोन वर्षं मी यासाठी टोमणे मारत होते. पण ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. जिंकल्यावर घास गोड लागायला पाहिजे होता, तो लागला नाही. मी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून कुरकुर केली. भाजी मीच केली होती.

आता पुढचं.

आमच्याकडे कोणाची वस्तू वापरायला आणली तर ती होती त्यापेक्षा बऱ्या हालतीत परत करतात. शेजारच्याची पाभर पेरणीला आणली तर तिचे फण घासून, पुसून, वर तेलाचा हात फिरवून नेऊन देतात. नुसती धूळ झाडून आणून टेकवली तर पुढच्या वर्षी कोणी देत नाही. कीबोर्ड तर आम्ही बरेच दिवस वापरला होता. वर आम्हीच म्हणणार की पसंत नाही. तो तसाच परत पाठवायचा म्हणजे घराण्याला बट्टा. शिवाय ती पट्टी खडखडत होती. पुढे ज्या कोणाच्या घरी तो जाईल त्याला तरी नीट मिळावा, एवढाच माझा विचार. मी कधी नव्हे ते कोणाचं भलं करायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून बाजारात गेली. मी खोकं उघडलं, कीबोर्ड काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि चक्कीची तेलाची कुपी आणली. लांब नळीची कुपी आहे, थेंब बरोबर फटीत जातो. आधी लांब पट्टीला घातलं. दाबून बघितलं तर खडखड गेली! मऊ, लोण्यात बोट घातल्यासारखा आवाज. मला फार आनंद झाला. मग शेजारच्या बटणाला घातलं. मग म्हटलं, एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, असा दुजाभाव बरा नाही. सगळ्यांना घातलं. वरच्या बारक्या ओळीलासुद्धा. तेल मुरावं म्हणून खोकं उघडंच ठेवून दिलं, चक्कीजवळच्या खुर्चीवर, जिथे माझं लक्ष राहील. संध्याकाळच्या गर्दीत चक्की चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळीही चालू होती.

तेलात पीठ पडलं की काय होतं, हे मला कोणी सांगायला पाहिजे होतं का? जन्मभर कणीक मळली आहे मी.

माणूस आला तो दुपारी, मोटरसायकलवर, पाठीवर हे मोठं पोतं. पन्नाशीचा, चेहरा उन्हाने भाजलेला. म्हणाला, आतली वस्तू बघून घ्यावी लागते. मी अभिमानाने म्हटलं, "पाहा ना. नवी करून ठेवली."

त्याने कीबोर्ड उचलला. तो त्याच्या हातातून निसटता निसटता राहिला. त्याने बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली.

"काकू, हे काय होय?"

"तेल."

"कायचं?"

"मशीनचं. चांगलं आहे, महागाचं."

"कीबोर्डले तेल घालत असतेत का?"

"तुमच्या गाडीच्या साखळीले नाही घालत?"

त्याने एक बटण दाबलं. ते खाली गेलं आणि खालीच राहिलं. त्याने नखाने कडेचा पांढरा लगदा खरवडून मला दाखवला. "अन् हे पीठ? मळून ठेवलं का काय? भजे काढायचे होते?"

डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका अशा हसल्या की एकीच्या हातून ज्वारी सांडली. मनियारीण तर पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली.

"हे परत होत नाही, काकू," तो म्हणाला. वस्तू खोक्यात ठेवली, हात माझ्याच फडक्याला पुसले आणि गेला.

मी वळले तर सून पडद्याशी उभी होती. किती वेळपासून, माहीत नाही. तिने पुढे येऊन कीबोर्ड बघितला. आत नेला, लॅपटॉपला जोडला आणि एक वाक्य टाइप केलं. ती लांब पट्टी दाबत होती पण ती वर येतच नव्हती. लॅपटॉपवर सगळे शब्द एकमेकांना चिकटून एक लांबलचक आगगाडी झाली होती.

"किती बटणांना घातलं?" तिने विचारलं.

"सगळ्याईले."

ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मला वाटलं रडते आहे, म्हणून मी पाणी आणायला वळले. हसत होती. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. हसण्याला काय उत्तर देणार? मग ती थांबली, डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत काम पाठवायचंय. जुन्यावर मी सकाळपासून करून बघितलं. र आणि न उमटतच नाहीत. र आणि न शिवाय मराठी कसं लिहू, आत्या?"

मी चौथीच शिकले, पण र आणि न शिवाय काय उरतं हे मलाही कळत होतं.

त्या दिवशी मी चक्की बंद केली. भर गर्दीत. माझ्या आठवणीत घरात मयत असल्याशिवाय असं झालेलं नाही.

"काऊन बंद केली?" डबे उचलता उचलता बायकांनी विचारलं.

"सुनेचं काम आहे," मी म्हटलं. हे माझ्याच तोंडून निघालं, आणि निघाल्यावर मीच इकडेतिकडे बघितलं.

सुनेने फोनवर कोणाचा तरी व्हिडिओ लावला. खोक्यात एक चिमटा आला होता. त्याने ती बटणांच्या वरच्या टोप्या एकेक उपटायला लागली. टोपीखाली प्रत्येकाचं वेगळं बारकं यंत्र, बोराएवढं, तेही चिमट्याने ओढलं की निघून येत होतं. माझी बोटं शिवशिवत होती, पण मी हात मांडीखाली दाबून बसले. तिने मेडिकलमधून स्पिरिट आणवलं आणि ती यंत्रं त्यात खळबळून काढली. टोप्या माझ्याकडे दिल्या. मी साबणाच्या पाण्यात धुतल्या, अगदी दाढांसारख्या घासल्या. मग सगळं गच्चीवर बाजेवर पातळ लुगडं अंथरून वाळत घातलं आणि मी राखणीला बसले.

मनियारीण गल्लीतून जात होती. तिने वर बघितलं. "माय, ये कायके वड्या डाले?"

"मुगाच्या," मी म्हटलं.

"काले मूंग?"

"जा वं तू आपल्या कामाले."

ऊन उतरलं तोवर सगळं वाळलं. सुनेने ती बारकी यंत्रं एकेक करून परत बसवली. तीन-चार कामातून गेली होती, त्यांच्या जागी खोक्यातली जादाची लावली. मग ती कानाला यंत्र लावून रेकॉर्डिंग ऐकायला बसली आणि मला म्हणाली, "टोप्या तुम्ही बसवा आत्या, तेवढा वेळ वाचेल. फोनवर फोटो आहे, बघून बसवा."

मी चष्मा शोधून आणेपर्यंत फोन विझला. तो पेटवायचा कसा ते मला येत नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. उठवून विचारता आलं असतं. पण दुपारपासून मी जेवढी लहान झाले होते, त्यापेक्षा आणखी लहान व्हायची माझी तयारी नव्हती. मी बघितलं तर टोप्यांचा उतार वेगवेगळा होता, काही पुढे झुकलेल्या, काही मागे. उताराने ओळी लागल्या. ओळीतला क्रम मला दिसायला बरा वाटला तसा लावला. गोल अक्षरं एकीकडे, काठ्यांची एकीकडे. दोन टोप्यांवर बारीक पुळी होती, त्या मी शोभेसाठी दोन टोकांना बसवल्या.

सून बसली. बोटं ठेवली, चाचपली. बोटांना जागा कळावी म्हणून टोकाच्या त्या दोन पुळीवाल्या टोप्या चाचपूनच उपटून मधे आणल्या, तिथल्या दोन टोकांना टोचल्या आणि सुरू झाली. खाली एकदाही बघितलं नाही. नजर समोर, कान त्या माणसाच्या बोलण्यात, आणि बोटं अशी चालली होती की मला चक्कीत पडणारी बारीक ज्वारी आठवली. मी दारात उभी राहिले. दोन वर्षांत मी तिचं काम असं नीट बघितलंच नव्हतं. पडद्याआडून टकटक ऐकून चिडले होते, शेजारी बसले तेव्हा खोट शोधली होती, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी चक्की पुन्हा बंद. दुपार कलायच्या आत काम पुण्याला गेलं. तासाभराने निरोप आला. मजकूर स्वच्छ आहे, अक्षर गळालेलं नाही, पुढचं काम पाठवतो.

संध्याकाळी मुलगा आला. त्याला कसलासा पासवर्ड टाकायचा होता. तो एका बोटाने, एकेक अक्षर शोधून दाबतो. तीनदा टाकला, तीनदा चुकला. मग वाकून बघितलं.

"अबे, हे काय आहे? ए कुठं गेला? हे कोणं लावलं?"

सूनही पहिल्यांदाच खाली बघत होती. "अगं बाई," म्हणाली, "सगळंच उलटं आहे."

"मंग तुझं काम कसं झालं?" मुलाने विचारलं.

"मी कुठं खाली बघते."

मी चुलीकडे तोंड करून बसले होते. चुलीत बघण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी सकाळी मी चक्कीचं शटर वर केलं आणि मागे वळले तर सून उभी, पदर खोचलेला, डोक्याला रुमाल बांधलेला.

"इकडं कायले आली?"

"सोमवार आहे, आत्या. आजपासून चक्कीवर बसते म्हणाले होते. आता तर पैसेही परत आले नाहीत. दोन्ही करीन, तुमचे गुडघे..."

"पुण्याहून काम आलं ना?"

"आलंय."

"मंग जा. चक्कीवर मी माणूस ठेवते. गावात काय माणसाईचा दुष्काळ आहे?"

ती हलली नाही. "म्हणजे तुम्हाला पटला?"

"आता पटो न पटो, तेलात भिजलेला कोण घेईन?"

"तसं नाही. पटला का, ते सांगा."

पहिली बाई डबा घेऊन आली होती आणि कान देऊन ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"पटला," मी म्हटलं. "पण महाग आहे."

सून आत गेली. पडद्याच्या जागी मुलाने रविवारी फळ्यांचं दार बसवून दिलं आहे. ते तिने ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. पीठ जाऊ नये म्हणून लावते, असं ती म्हणते. मला वाटतं, मी जाऊ नये म्हणून लावते, आणि तिचं बरोबर आहे.